माजरीचा हिशेब : हवामानबदलाशी जुळवून घेण्याचा खर्च आणि त्याचा अग्रक्रम

विशेष प्रतिनिधी, चंद्रपूर

चंद्रपूर जिल्ह्याच्या भद्रावती तालुक्यातील माजरी हे रेल्वेच्या नकाशावरील जुने जंक्शन. दिल्ली-चेन्नई लोहमार्गावरून वणीकडे जाणारा फाटा येथे फुटतो. गावाची दुसरी ओळख कोळशाची. वर्धा नदीच्या खोऱ्यातील या पट्ट्यात 'वेस्टर्न कोलफिल्ड्स'च्या खाणी आहेत आणि अनेक घरांची चूल या खाणींवरच पेटते. नदी आणि खाण यांच्यामध्ये वसलेल्या या परिसराला आता दोन ऋतूंचे भय वाटू लागले आहे. जुलै २०२२ मध्ये विदर्भात झालेल्या अतिवृष्टीने वर्धा नदीला महापूर आला. जिल्ह्यातील नदीकाठची गावे आणि हजारो एकर शेती पाण्याखाली गेली. माजरी परिसरही त्यातून सुटला नाही. त्याआधी तीन वर्षे, मे २०१९ मध्ये, चंद्रपुरात तापमापकाचा पारा ४८ अंश सेल्सियसवर पोहोचला होता.

पूर ओसरला की पंचनामे होतात, मदत जाहीर होते आणि नदीकाठी संरक्षक बांध बांधण्याची मागणी पुढे येते. उन्हाळा ओसरल्यावर मात्र कसलाच पंचनामा होत नाही. हाती असलेला पैसा मर्यादित असताना तो आधी कोठे खर्च करावा, हा प्रश्न त्यामुळे बहुतेक वेळा हिशेबाने नव्हे, तर मागणीच्या आवाजावर सुटतो. हवामानबदलाशी जुळवून घेण्याचा खर्च मोजण्याचे आणि कामांचा अग्रक्रम लावण्याचे एक शास्त्र गेल्या २ दशकांत विकसित झाले आहे. ते काय सांगते आणि माजरीसारख्या गावाला त्याचा कितपत उपयोग आहे, याचा हा आढावा.

शमन आणि अनुकूलन

हवामानबदलावरील उपायांचे ढोबळमानाने दोन भाग पडतात. कार्बन वायूंचे उत्सर्जन कमी करणे म्हणजे शमन. जे बदल आता टळू शकत नाहीत, त्यांच्याशी जुळवून घेणे म्हणजे अनुकूलन. शमनाचा लाभ साऱ्या जगाला मिळतो आणि त्याचे माप एकच असते : किती टन वायू वाचला. अनुकूलनाचे तसे नाही. त्याचा लाभ स्थानिक असतो आणि त्याला एकच एक माप नाही. कोकणात ते वादळात टिकणारे छप्पर असते, मराठवाड्यात शेततळे असते, तर चंद्रपुरात दुपारी बंद ठेवलेले उघड्यावरचे काम असते.

माजरीच्या बाबतीत या विभागणीला एक कडू छटा आहे. ज्या कोळशामुळे हवामानबदलाला हातभार लागतो, तोच कोळसा येथील रोजगार आहे आणि पुढे दिसेल त्याप्रमाणे अनुकूलनासाठी उपलब्ध असलेल्या निधीचा उगमही तोच आहे.

जगाचे आणि देशाचे आकडे

अनुकूलनाचा खर्च मोजण्याचा एक मोठा जागतिक प्रयत्न जागतिक बँकेने केला. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या अभ्यासात विकसनशील देशांना २०१० ते २०५० या काळात दरवर्षी ७ हजार ते १० हजार कोटी डॉलर लागतील, असा अंदाज होता. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२३ च्या अहवालात हा वार्षिक आकडा चालू दशकासाठी २१ हजार ५०० ते ३८ हजार ७०० कोटी डॉलर असा वर्तविला. त्याच संस्थेच्या २०२५ च्या अहवालानुसार २०३५ पर्यंतची वार्षिक गरज ३१ हजार ते ३६ हजार ५०० कोटी डॉलर असून, २०२३ मध्ये विकसनशील देशांना या कामासाठी मिळालेला आंतरराष्ट्रीय सार्वजनिक निधी होता अवघा २ हजार ६०० कोटी डॉलर.

भारताने २०१५ मध्ये पॅरिस कराराच्या तोंडावर सादर केलेल्या निवेदनात २०१५ ते २०३० या काळात शेती, वने, मत्स्यव्यवसाय, पाणी आणि पायाभूत सुविधांच्या अनुकूलनासाठी सुमारे २० हजार ६०० कोटी डॉलर लागतील, असे म्हटले होते. डिसेंबर २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांना दिलेल्या निवेदनात हा अंदाज बराच वाढला. २०३० पर्यंत एकूण ५६.६८ लाख कोटी रुपयांची गरज त्यात दाखविण्यात आली. २०२१-२२ मध्ये अनुकूलनाशी संबंधित खर्च १३.३५ लाख कोटी रुपये, म्हणजे राष्ट्रीय उत्पन्नाच्या ५.६ टक्के होता, असेही त्यात नमूद आहे. २०१५-१६ मध्ये हे प्रमाण ३.७ टक्के होते.

हे आकडे एकमेकांपासून इतके दूर का, याचे उत्तर मोजण्याच्या पद्धतीत आहे. सिंचनाचा कालवा हा विकासाचा खर्च मानायचा की अनुकूलनाचा? हवामान बदलले नसते तरी कालवा लागलाच असता. तज्ज्ञ त्यामुळे दोन भाग करतात : आधीच्या दुर्लक्षामुळे साचलेली तूट आणि बदलत्या हवामानामुळे पडणारा वाढीव भार. एखाद्या गावात गटारेच नसतील, तर ती बांधण्याचा खर्च ही जुनी तूट. वाढत्या पावसासाठी तीच गटारे रुंद करावी लागली, तर तो वाढीव भार. जागतिक निधी मागताना हा भेद महत्त्वाचा ठरतो. गावाच्या दृष्टीने मात्र पाणी घरात शिरते, ते दोन्ही कारणांनी.

राज्याने काय मोजले?

महाराष्ट्रात या कामाची सुरुवात 'द एनर्जी अँड रिसोर्सेस इन्स्टिट्यूट' अर्थात 'टेरी'च्या अभ्यासाने झाली. राज्य शासनासाठी तयार केलेला हा कृती आराखडा २०१४ मध्ये सादर झाला. त्यात प्रत्येक जिल्ह्याची असुरक्षितता तीन कसोट्यांवर तपासण्यात आली : धोका किती, त्याची झळ कोणाला आणि सावरण्याची ताकद किती. या क्रमवारीत नंदुरबार सर्वाधिक असुरक्षित, तर सातारा सर्वांत कमी असुरक्षित ठरला. नंदुरबारचा क्रमांक केवळ पावसामुळे लागला नाही. गरिबी आणि सोयींचा अभाव यांचाही त्यात वाटा होता. एकाच पावसाने सर्वांचे सारखेच नुकसान होत नाही, ही गोष्ट त्यामुळे सरकारी कागदावर आली.

अशाच निर्देशांकाचा आधार घेऊन गावे निवडण्याचा मोठा प्रयोग म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, ज्याला 'पोकरा' म्हणून ओळखले जाते. जागतिक बँकेच्या साह्याने २०१८ मध्ये सुरू झालेला सुमारे ४ हजार कोटी रुपयांचा हा प्रकल्प मराठवाडा, पश्चिम विदर्भ, वर्धा आणि जळगाव या भागांतील ५ हजारांहून अधिक गावांसाठी होता. मुंबईच्या आयआयटीच्या मदतीने गावाचा जलताळेबंद मांडण्याची पद्धत त्यात वापरण्यात आली. गावात पडणारे पाणी, वाहून जाणारे पाणी आणि पिकांना लागणारे पाणी यांची बेरीज-वजाबाकी करून मगच बंधारा की शेततळे, हे ठरवायचे, अशी त्यामागची कल्पना. पहिल्या टप्प्यात चंद्रपूर आणि गडचिरोली नव्हते. दुसऱ्या टप्प्याच्या २१ जिल्ह्यांत त्यांचा समावेश करण्यात आला.

शहरांच्या बाबतीत मुंबई पुढे आहे. मुंबई महापालिकेने मार्च २०२२ मध्ये हवामान कृती आराखडा प्रसिद्ध केला आणि २०२४ मध्ये स्वतंत्र हवामान अर्थसंकल्प मांडला. २०२४-२५ च्या भांडवली खर्चापैकी १० हजार २२४ कोटी रुपये हवामानाशी संबंधित कामांचे असल्याचे त्यात दाखविण्यात आले. महापालिकेकडे अभियंते, लेखापाल आणि स्वतःचे उत्पन्न असते. ग्रामपंचायतीकडे यातील फारसे काही नसते. तरीही हिशेबाची मूळ पद्धत दोन्हीकडे एकच आहे आणि ती समजून घेण्यास मोठ्या यंत्रणेची गरज नाही.

नुकसानीची वार्षिक सरासरी

खर्च मोजण्याची पहिली पायरी म्हणजे काहीच केले नाही, तर दरवर्षी सरासरी किती नुकसान होईल, हे काढणे. पूर दरवर्षी येत नाही. म्हणून त्याचे नुकसान वर्षांवर वाटून पाहावे लागते. पुढील आकडे केवळ पद्धत समजण्यासाठी घेतले आहेत. ते कोणत्याही गावाचे प्रत्यक्ष आकडे नाहीत.

समजा, एखाद्या नदीकाठच्या गावात सरासरी १० वर्षांतून एकदा येणारा पूर २ कोटी रुपयांचे नुकसान करतो. त्याची वार्षिक सरासरी २० लाख रुपये. ५० वर्षांतून एकदा येणारा महापूर १५ कोटींचे नुकसान करतो. त्याची वार्षिक सरासरी ३० लाख. दोन्ही मिळून ढोबळमानाने वर्षाला ५० लाख रुपयांचा धोका गावाच्या डोक्यावर आहे.

आता दोन पर्याय तपासू. पहिला, २ कोटी रुपयांचा संरक्षक बांध. तो लहान पूर पूर्ण अडवतो, महापुरापुढे मात्र टिकत नाही. त्याच्या देखभालीला वर्षाला १० लाख लागतात. वाचलेले २० लाख वजा देखभालीचे १० लाख, म्हणजे वर्षाला १० लाखांचा निव्वळ लाभ. मूळ खर्च भरून निघण्यास २० वर्षे लागतील. दुसरा पर्याय म्हणजे पूर्वसूचना : वरच्या धरणांतून पाणी सोडण्याची वेळेवर माहिती, नदीवर पातळीची खूण, भोंगा, गुरे आणि धान्य हलविण्याची ठरलेली उंच जागा. त्याला २० लाख आणि वर्षाला ५ लाख लागतात, असे धरू. त्याने दोन्ही प्रकारच्या पुरांतील नुकसान चतुर्थांशाने जरी घटले, तरी वर्षाला साडेबारा लाख वाचतात. ५ लाख वजा जाता साडेसात लाख उरतात आणि मूळ खर्च तीन वर्षांच्या आत वसूल होतो.

पूर्वसूचनेचे मोल देशाने पाहिले आहे. १९९९ च्या महाचक्रीवादळात ओडिशात सुमारे १० हजार लोक मृत्युमुखी पडले. २०१३ मध्ये त्याच किनाऱ्यावर 'फायलिन' हे प्रचंड वादळ धडकले, तेव्हा लाखो लोकांना आधीच हलविण्यात आल्याने मृतांची संख्या ५० च्याही खाली राहिली.

'शंभर वर्षांचा पूर' या शब्दप्रयोगाबद्दलही एक गैरसमज आढळतो. असा पूर येऊन गेला, की पुढची ९९ वर्षे निर्धास्त, असा त्याचा अर्थ नाही. त्याचा अर्थ, दरवर्षी तो येण्याची शक्यता १ टक्का आहे. ३० वर्षे टिकणाऱ्या घराच्या आयुष्यात तो एकदा तरी येण्याची शक्यता २६ टक्के होते. हवामान बदलत असल्याने जुन्या नोंदींवर काढलेली ही शक्यताही पुढे तशीच राहील, याची हमी नाही.

पंचनाम्यात न येणारे नुकसान

या हिशेबातील सर्वांत मोठी चूक बेरजेत होत नाही. काय मोजायचे, हे ठरविण्यात होते. पुरात पडलेले घर, वाहून गेलेले जनावर, खरडलेली शेतजमीन यांचा पंचनामा होतो, कारण त्या वस्तूंना मालक असतो आणि सातबारा किंवा घर क्रमांक असतो. भूमिहीन मजुराचे बुडालेले दिवस कोणत्याही रकान्यात बसत नाहीत.

उन्हाच्या बाबतीत तर रकानाच नाही. पुन्हा एक कल्पित उदाहरण घेऊ. गावात उघड्यावर काम करणारे ५०० मजूर आहेत. कडक उन्हाच्या २० दिवसांत प्रत्येकाचे सरासरी अर्ध्या दिवसाचे काम बुडते आणि रोजची मजुरी ४०० रुपये आहे. एका उन्हाळ्याचे नुकसान २० लाख रुपये होते. वरच्या उदाहरणातील दहावर्षीय पुराची वार्षिक सरासरीही नेमकी तेवढीच होती. फरक इतकाच, की पुराचे २ कोटी एका रात्रीत दिसतात, तर उन्हाचे २० लाख दरवर्षी पाचशे घरांत थोडे थोडे मुरतात. औषधपाणी आणि मृत्यू यांची भर त्यात अजून घातलेलीच नाही.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०१९ च्या अहवालात २०३० पर्यंत उष्णतेमुळे भारतातील ५.८ टक्के कामाचे तास वाया जातील, असा अंदाज व्यक्त केला. हे नुकसान ३ कोटी ४० लाख पूर्णवेळ रोजगारांइतके आहे. खुल्या खाणीत काम करणारे कंत्राटी मजूर, वीटभट्टीवरील कामगार, रेल्वेचे रूळ सांभाळणारे कर्मचारी यांना ही झळ आधी बसते. चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात मोहफुलांचा हंगाम मार्च-एप्रिलचा आणि तेंदूपत्त्याचा हंगाम ऐन मे महिन्याचा. वर्षाच्या रोकड उत्पन्नाचे हे दिवस आणि सर्वाधिक उन्हाचे दिवस एकच असल्याने, उन्हात जाऊ नका, हा सल्ला तेथे फुकटचा ठरत नाही. त्याची किंमत मजुराच्या खिशातून जाते.

उद्याच्या रुपयाची आजची किंमत

दीर्घकाळ चालणाऱ्या कामांच्या हिशेबात आणखी एक आकडा निर्णायक असतो. भविष्यातील लाभ आजच्या किमतीत मांडताना जो दर लावला जातो, त्याला वटावाचा दर म्हणतात. ३० वर्षांनंतर टळणाऱ्या १ कोटी रुपयांच्या नुकसानीची आजची किंमत १० टक्के दराने पावणेसहा लाखांच्या आसपास येते, तर ४ टक्के दराने ती सुमारे ३१ लाख होते. दर चढा ठेवला, की पुढच्या पिढीचे नुकसान कागदावर जवळजवळ नाहीसे होते. म्हणूनच झाडे लावणे, माती धरून ठेवणे, पाण्याचा मार्ग मोकळा ठेवणे अशी सावकाश फळ देणारी कामे चढ्या दराच्या हिशेबात नेहमी मागे पडतात. हा दर निवडणे तांत्रिक दिसले, तरी उद्याच्या माणसाला किती महत्त्व द्यायचे, हा त्यामागचा खरा प्रश्न आहे.

मानवी जीविताला रुपयांत बसविण्याचा प्रयत्नही वादग्रस्त आहे. त्यामुळे आरोग्याच्या क्षेत्रात वेगळी कसोटी वापरतात : त्याच रकमेत कोणत्या उपायाने अधिक जीव वाचतात? अहमदाबादेत मे २०१० च्या उष्णतेच्या लाटेत नेहमीपेक्षा १ हजार ३४४ अधिक मृत्यू झाल्याचे अभ्यासात आढळले. त्यानंतर २०१३ मध्ये तेथे उष्माघात प्रतिबंधक आराखडा लागू झाला. रंगांच्या खुणांनी इशारे, रुग्णालयांची तयारी, पाणपोया आणि उद्याने दुपारी खुली ठेवणे, अशी त्यातील कामे साधी होती. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने आराखड्यानंतर वर्षाला सरासरी ११०० हून अधिक मृत्यू टळल्याचा अंदाज मांडला. नागपूरने २०१६ मध्ये हाच मार्ग धरला.

अग्रक्रम कसा लावावा?

लाभ-खर्चाचे गुणोत्तर, जीव वाचविण्याची परिणामकारकता आणि अनेक निकषांना गुण देऊन केलेली तुलना, या तीन पद्धती सर्वसाधारणपणे वापरल्या जातात. तिन्हींचा निष्कर्ष बहुधा एकाच क्रमाकडे झुकतो.

पहिल्या क्रमांकावर येतात ती पश्चात्तापाची वेळ न आणणारी कामे. हवामानाचा अंदाज चुकला, तरी ज्यांचा उपयोग होतोच, अशी ही कामे असतात. कामाच्या वेळा पहाटे आणि सायंकाळी नेणे, कामाच्या जागी सावली आणि थंड पाणी, पत्र्याच्या छपरांना पांढरा रंग, प्राथमिक आरोग्य केंद्रात उष्माघाताच्या रुग्णासाठी खाट आणि बर्फ, नदीची पूर्वसूचना ही त्याची उदाहरणे. यातील काहींना तर पैशापेक्षा आदेशाचीच अधिक गरज आहे.

दुसऱ्या क्रमांकावर जुन्या मालमत्तेची दुरुस्ती. पूर्व विदर्भात मालगुजारी काळातील साडेसहा हजारांहून अधिक तलाव आहेत. जिल्ह्याच्या पूर्वेकडील धानपट्ट्याला त्यांचाच आधार आहे. गाळ काढणे आणि पाळ दुरुस्त करणे हे नवे धरण बांधण्यापेक्षा स्वस्त पडते आणि पूर व दुष्काळ या दोन्हींत उपयोगी येते. माजरीच्या कापूस-सोयाबीनच्या काळ्या जमिनीत तलावांची जागा नाले आणि ओढे घेतात. त्यांचे मार्ग मोकळे करणे हे तेथील समान काम होय. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. जंगल राखण्याचा अधिकार गावाकडे असणे, हेही अनुकूलनच आहे. दुष्काळी वर्षात बांबू आणि वनोपज हीच अनेक घरांची विमा पॉलिसी असते.

तिसऱ्या क्रमांकावर मोठी बांधकामे आणि अखेरीस पुनर्वसन. ती टाळावीत असे नाही, परंतु मोजमापाशिवाय ती करू नयेत. एका गावाला वाचविणारा बांध पाणी पलीकडच्या गावात लोटू शकतो. वर्धा नदी माजरीजवळ चंद्रपूर आणि यवतमाळ या दोन जिल्ह्यांची सीमा आहे. खालच्या बाजूला वढा येथे पैनगंगा तिला मिळते. अलीकडच्या काठाचा निर्णय पलीकडच्या काठाला विचारल्याशिवाय घेणे म्हणूनच धोक्याचे. खाणींतून निघालेल्या माती-दगडांच्या ढिगाऱ्यांमुळे पुराच्या पाण्याचा मार्ग अडतो, अशी जिल्ह्यातील नदीकाठच्या रहिवाशांची जुनी तक्रार आहे. बांधावर पैसा खर्च करण्यापूर्वी नदीपात्र आणि ढिगारे यांचे सर्वेक्षण झाले, तर या तक्रारीचे उत्तर आकड्यांत मिळेल आणि कदाचित बांधाहून स्वस्त उपायही सापडेल.

काही न करण्याचाही खर्च असतो. मे २०१० मध्ये इरई धरणातील पाणी आटल्याने चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्रातील संच बंद ठेवावे लागले होते. एका जिल्ह्यातील पाण्याचा हिशेब चुकला, की त्याची झळ राज्याच्या विजेला कशी बसते, हे त्या उन्हाळ्याने दाखविले.

पैसा आहे, पण मुदतीचा

१५व्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी राज्यांच्या आपत्ती निधीची १ लाख ६० हजार १५३ कोटी रुपयांची तरतूद सुचविली. त्यातील ८० टक्के मदतकार्यासाठी, तर २० टक्के आपत्ती टाळण्याच्या कामांसाठी राखण्यात आले. टाळण्यासाठी स्वतंत्र निधी असावा, हे तत्त्व त्यामुळे प्रथमच रुजले. मात्र त्या काळात उष्णतेची लाट राष्ट्रीय स्तरावर अधिसूचित आपत्तींच्या यादीत नव्हती. स्थानिक आपत्ती म्हणून घोषणा करून निधीतील १० टक्क्यांपर्यंत रक्कम वापरण्याची मुभा राज्यांना होती.

माजरीसाठी अधिक जवळचा मार्ग म्हणजे जिल्हा खनिज प्रतिष्ठान. खाण कायद्यातील २०१५ च्या दुरुस्तीने प्रत्येक खाणजिल्ह्यात ते स्थापन झाले. १२ जानेवारी २०१५ पूर्वीच्या खाणपट्टाधारकांना स्वामित्वधनाच्या ३० टक्के आणि त्यानंतर लिलावाने मिळालेल्या पट्ट्यांना १० टक्के रक्कम या निधीत भरावी लागते. कोळसा आणि चुनखडीमुळे राज्यात मोठा खनिज निधी जमा होणाऱ्या जिल्ह्यांत चंद्रपूरची गणना होते. पिण्याचे पाणी, आरोग्य, पर्यावरण, शिक्षण, स्वच्छता अशा उच्च अग्रक्रमाच्या कामांवर सुरुवातीला किमान ६० टक्के निधी खर्च करणे बंधनकारक होते; २०२४ च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांत हे प्रमाण ७० टक्के करण्यात आले. खाणीपासून १५ किलोमीटरपर्यंतचा परिसर प्रत्यक्ष बाधित मानला जातो. उष्माघाताचा कक्ष, थंड पाण्याची सोय, नाल्यांची स्वच्छता ही कामे या चौकटीत बसू शकतात. गरज आहे ती त्यांना मागणीपत्रात स्थान मिळण्याची.

येथेच माजरीच्या हिशेबातील खरी निकड दडलेली आहे. हा निधी कोळसा निघतो, तोवरच जमा होतो. प्रत्येक खाणीला आयुष्य असते. ती संपली, की स्वामित्वधनही थांबते. पूर आणि ऊन मात्र थांबणार नाहीत. त्यामुळे इतर गावांना आज नाही तर उद्या, असे म्हणता येईल. खाणगावाला तसे म्हणता येत नाही. खाणबंदीच्या आराखड्यासाठी कंपन्यांना स्वतंत्र खात्यात रक्कम ठेवावी लागते. त्या आराखड्यात उरलेल्या खड्ड्यांतील पाणी, ढिगाऱ्यांची उंची आणि पाण्याचा उतार यांचा विचार आजच झाला, तर उद्याचा मोठा खर्च आज लहान रकमेत भागेल.

गावाला करता येण्याजोगे

अंदाजपत्रकाची सुरुवात एका वहीने होऊ शकते. कोणत्या वर्षी पाणी कोणत्या घराच्या कोणत्या पायरीपर्यंत आले, किती दिवस काम बंद राहिले, उन्हाळ्यात आरोग्य केंद्रात किती जण दाखल झाले, कोणत्या पाळीत मजूर कोसळले, या नोंदी ठेवण्यासाठी संगणकाची आवश्यकता नाही. त्या वहीत सातबारा नसलेल्यांसाठीही एक रकाना हवा. ३ ते ४ वर्षांच्या अशा नोंदी हाती असतील, तर ग्रामसभेला निधीची मागणी केवळ भावनेवर नव्हे, तर आकड्यांवर करता येईल.

हवामानबदलाचे जागतिक आकडे लाख कोटींत मोजले जातात आणि त्यापुढे गावातला माणूस स्वतःला क्षुद्र समजू लागतो. परंतु तो आकडा अखेर अशाच हजारो वह्यांची बेरीज असतो. माजरीत पुढचा उन्हाळा येईल, तेव्हा दुपारची पाळी कोण बदलणार आणि पुढचा पूर येईल, तेव्हा भोंगा कोण वाजविणार, हे आधी ठरले असेल, तर तिथल्या अनुकूलनाची पहिली आणि सर्वांत स्वस्त गुंतवणूक झालेली असेल. बांधाचा विचार त्यानंतरही करता येईल; खाणीत कोळसा आहे, तोवर.